आईबरोबर ओस्तुनी: पासपोर्टच्या अर्जापासून पांढऱ्या गावाच्या माथ्यापर्यंत

ओस्तुनी हे इटलीच्या दक्षिण टोकाकडच्या पुल्या प्रांतातलं गाव. तीन टेकड्यांवर वसलेलं, समुद्रापासून आठेक किलोमीटरवर, उंची दोनशे मीटरच्या थोडी वर. जुन्या गावातली बहुतेक सगळी घरं चुन्यानं पांढरी केलेली असतात, म्हणून इटालियन लोक त्याला 'चित्ता ब्यांका' म्हणजे पांढरं शहर म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मी माझ्या ७२ वर्षांच्या आईला घेऊन तिथे जाऊन आले. आमच्यापैकी कुणीच याआधी युरोपला गेलेलं नव्हतं, आईनं तर विमानही पाहिलं नव्हतं. निघण्याआधी मी मराठीत शोधत होते की गुडघे दुखणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, नावावर पेन्शन नसलेल्या आईला घेऊन अशा चढाच्या गावी जाता येतं का. काही सापडलं नाही. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवते.

ओस्तुनीच का, हे आधी सांगते. आम्ही कोल्हापूरला राहतो, पण आईचा संसार झाला कागल तालुक्यातल्या मातीच्या घरात. दरवर्षी दिवाळीच्या आधी ती स्वतः घराला चुना द्यायची. कळीचा चुना रांजणात विझवायचा, तो रटरट उकळायला लागला की पोरांना लांब पिटाळायचं, रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी फडक्यातून गाळून त्यात नीळ आणि थोडा डिंक घालायचा आणि कुंच्यानं भिंत आडवी-उभी सारवून काढायची. माझ्या फोनवर तिनं ओस्तुनीचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यो चुना हाय का रंग?" मला उत्तर माहीत नव्हतं. तिला ते बघायचं होतं, आणि तिनं आयुष्यात स्वतःसाठी बघायचं म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

पासपोर्टपासून सुरुवात. आईचा अर्ज जानेवारीत ऑनलाइन भरला. साधा ३६ पानांचा पासपोर्ट १,५०० रुपयांचा, पण साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट मिळते, म्हणून १,३५० भरले. पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ ४ फेब्रुवारीची मिळाली. जन्मतारखेच्या पुराव्याचा प्रश्न आमच्याही घरात आला, कारण आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे. तिच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं हेच असतं. आम्ही दाखला बाजूला ठेवला आणि पॅनकार्ड पुढे केलं. त्यावर सासरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही होतं, आधारशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. काम झालं. अर्जाआधी आधार आणि पॅनवरच्या इंग्रजी स्पेलिंगची एकेक अक्षर लावून तुलना करा, आणि फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

दुसरी एक भीती मनात होती. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीच्या बंधनाचा शिक्का बसतो असं ऐकलं होतं. पण ज्यांचं वय पन्नासच्या वर आहे त्यांना ते बंधन लागत नाही, शिक्षण कितीही असो. केंद्रातल्या बाईंनी हे न विचारता सांगितलं आणि आईचा चेहरा मोकळा झाला. पोलीस पडताळणीला एक हवालदार घरी आले, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, चहा घेऊन गेले. फेब्रुवारी संपता संपता स्पीड पोस्टानं पासपोर्ट आला. आईनं तो हळदी-कुंकू लावून देवापुढे ठेवला. कुंकू पानांना लागू नये म्हणून मी आधी प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं.

तारखा ठरवताना घरचं पंचांग आडवं आलं. गणपती सोडून जायचं नाही आणि घटस्थापनेला घरी असलंच पाहिजे, हे आईचे दोन नियम. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. मधला काळ म्हणजे पितृपक्ष. काही नातेवाइकांनी नाकं मुरडली. आईनं त्यांना सांगितलं, "त्यांच्या तिथीचं पान थोरला घालंल. ते असते तर आधी मला जा म्हटले असते." वडील खरंच म्हणाले असते. सप्टेंबर दुसऱ्याही कारणानं बरा. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी ओसरलेली असते, पण दुकानं-खानावळी अजून चालू असतात.

व्हिसा हा खरा डोंगर. इटलीला लागतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. महाराष्ट्रातले अर्ज इटलीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातात, कागद मात्र व्हिसा केंद्रात जमा करायचे असतात. मे महिन्यात मी वेळ शोधायला लागले तेव्हा सगळीकडे लाल खुणा होत्या. रोज पहाटे संगणक उघडून बसायचे. जूनच्या मध्याला १४ जुलैच्या दोन वेळा लागोपाठच्या मिळाल्या. दलालांचे फोन येतात, वेळ मिळवून देतो म्हणून पैसे मागतात. देऊ नका. वेळा सोडल्या जातात, चिकाटी लागते इतकंच.

कागदांची थप्पी अशी जमली. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला. पस्तीस गुणिले पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो. जाण्या-येण्याच्या तिकिटांचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद, बँकेचे शिक्का मारलेले उतारे, माझी आयकर विवरणपत्रं, कार्यालयाचं रजेचं पत्र. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. आईच्या वयामुळे तिच्या विम्याचा हप्ता माझ्या तिपटीच्या आसपास गेला.

आईच्या नावावर उत्पन्न नाही, म्हणून तिचा सगळा खर्च मी करणार असं पत्र लिहिलं आणि नात्याचा पुरावा म्हणून माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान जोडलं, तिथे आईचं नाव छापलेलं असतं. ती परत येणार याचा पुरावा काय द्यावा, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. शेवटी तिच्या नावावरच्या वीस गुंठ्यांचा सातबारा इंग्रजीत भाषांतर करून, नोटरी करून जोडला. खिडकीवरच्या मुलीनं तो शांतपणे वाचला आणि गठ्ठ्यात ठेवला. ज्यांच्या आईवडिलांकडे पगाराची चिठ्ठी नाही पण शेत आहे, त्यांनी हा कागद जरूर जोडावा. सोबतच्या पत्रात मी रोजचा कार्यक्रम तारीखवार लिहिला आणि आईला चुन्याची घरं पाहायची आहेत हेही लिहिलं. खरं कारण लिहायला संकोच कशाला?

आदल्या रात्री कोल्हापूरहून बसनं निघून सकाळी मुंबईत पोहोचलो. केंद्रात सगळं शिस्तीत चाललं, पण बोटांच्या ठशांपाशी आई अडकली. वर्षानुवर्षं चुना, शेण, माती, भांडी यांत तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवत होतं आणि आई दर वेळी माझ्याकडे अपराध्यासारखं बघत होती. मला फार वाईट वाटलं. तिथल्या कर्मचाऱ्यानं ओला रुमाल दिला, बोटं पुसून, थोडी चोळून, यंत्रावर जरा दाबून धरायला सांगितली, आणि ठसे आले. वयस्कर माणसाबरोबर जाणार असाल तर दोन-तीन दिवस आधीपासून रात्री बोटांना तेल किंवा व्हॅसलीन लावा, जाताना मात्र हात कोरडे स्वच्छ असू द्या. एकदा दिलेले ठसे पुढची ५९ महिने चालतात.

व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर धरून दर माणशी अकरा हजारांच्या आसपास गेले. निर्णय साधारण पंधरा दिवसांत लागावा असा नियम आहे, पण गर्दीत वेळ वाढतो. आमचे पासपोर्ट ५ ऑगस्टला घरी आले. लिफाफा उघडताना माझे हात थरथरत होते. दोघींचेही व्हिसे लागले होते. व्हिसा हातात आला की लगेच नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, किती दिवसांची परवानगी आणि किती वेळा प्रवेश हे सगळं वाचून घ्या. चूक असेल तर ती निघण्याआधी सुधारता येते.

मधल्या महिन्यात आईनं रोज रंकाळ्याला फेरी मारायला सुरुवात केली. आधी एक बाक ते पुढचा बाक, मग हळूहळू जास्त. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे पट्टे आणि घडीची काठी दिली, आणि चढण्यापेक्षा उतरताना सांभाळा असं बजावलं. औषधांची इंग्रजी चिठ्ठी त्यांच्याकडूनच लिहून घेतली. ओस्तुनीतला मुक्काम मी मुद्दाम जुन्या गावाच्या पायथ्याशी, मुख्य चौकाच्या जवळ, तळमजल्यावर घेतला. माथ्यावरची छान छान घरं फोटोत दिसतात, पण तिथे गाडी जात नाही आणि सामान पायऱ्यांवरून उचलून न्यावं लागतं. आणखी एक: इटलीत १ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक असावा लागतो. जाहिरातीत तो दिसत नसेल तर ते घर सोडून द्या.

९ सप्टेंबरला मुंबईहून निघालो, आखातात विमान बदलून १० तारखेला रोमला उतरलो. तिकीट काढतानाच आईसाठी चाकाची खुर्ची मागितली होती. त्याचे पैसे पडत नाहीत आणि लांबच्या विमानतळांवर तिच्यामुळे जीव वाचतो. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं परतीचं तिकीट आणि मुक्कामाचे कागद पाहिले, आईला बघून हसला आणि शिक्का मारला. ही पद्धत आता बदलली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली. झिजल्या बोटांचं वर लिहिलं आहे ते इथेही लक्षात ठेवा.

रोमला एक रात्र नुसतं झोपलो. दुसऱ्या दिवशी वेगाच्या गाडीनं पुल्यातल्या बारी शहराला, साधारण चार तासांचा प्रवास. बरेच आठवडे आधी काढल्यामुळे तिकीट तीस युरोच्या आसपास मिळालं. बारीच्या जुन्या गावात एका बोळात बायका दारात टेबलं मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत बसलेल्या असतात. कणकेची वळी करायची, सुरीनं तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की कानासारखी वाटी तयार. आई थांबलीच. "हे तर आपलं वळवट. नखुले असंच करत्यात की!" तिनं बोटानं हवेत करून दाखवलं, समोरच्या आजींनी तिच्या हातात कणकेचा तुकडा दिला. आईचा पहिलाच तुकडा बरा झाला. आजींनी तो बाकीच्यांबरोबर वाळत टाकला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि मी मध्ये बोलायची काही गरज नव्हती.

१२ तारखेला, शुक्रवारी, बारीहून साध्या लोकल गाडीनं ओस्तुनी. तासाभराचा रस्ता, तिकीट सहा-सात युरो. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर दंड होतो. मोबाईलवरच्या तिकिटाला गाडी सुटण्याआधी 'चेक-इन' करावं लागतं. गाडी समुद्र आणि ऑलिव्हच्या बागा यांच्या मधून जाते. ओस्तुनीच्या आसपास ही झाडं विलक्षण जुनी आहेत. खोडं पिळवटलेली, मधून पोकळ, एकेक खोड बैठ्या खोलीएवढं रुंद. अशी मोठी जुनी झाडं तोडू नयेत असा पुल्या प्रांताचा २००७ चा कायदा आहे. पण कायदा माणसाला थांबवतो, रोगाला नाही. २०१३ मध्ये याच प्रांताच्या दक्षिणेला झायलेला नावाच्या जिवाणूनं झाडं वाळायला लागल्याचं कळलं. तो एका छोट्या रस शोषणाऱ्या किड्यावाटे पसरतो, झाडाच्या आत पाणी चढायचा रस्ता बंद करतो, आणि त्यावर उपाय सापडलेला नाही. तिकडची लाखो झाडं गेली आणि रोग सरकत ओस्तुनीच्या शिवारापर्यंत आला. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती खिडकीतून झाडांकडे बघत बराच वेळ बोलली नाही. शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

स्टेशन गावाखाली दोन-तीन किलोमीटरवर आहे. वर जायला बस आहे, पण रविवारी ती फार कमी असते आणि टॅक्सी स्टेशनवर उभी मिळेलच असं नाही. मी घरमालकीणबाईंना सांगून गाडी ठरवून ठेवली होती. बाईंनी आल्या आल्या पासपोर्ट मागितले. घाबरू नका, इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे कळवावी लागते. पर्यटक कराचे थोडे युरो त्यांनी रोख घेतले आणि पावती दिली.

गावाचा मुख्य चौक म्हणजे प्यात्सा देल्ला लिबेर्ता. तिथे नगरपालिका आहे आणि १७७१ मध्ये उभारलेला संत ओरोंत्सोचा नक्षीदार दगडी स्तंभ आहे. संतांचा हात गावावर आशीर्वादासाठी उचललेला. ऑगस्टच्या अखेरीला त्यांचा उत्सव असतो, तेव्हा लाल पोशाखातले घोडेस्वार मिरवणुकीत निघतात. आम्ही गेलो तेव्हा तो होऊन गेला होता. याच चौकातून जुन्या गावात चढणारा रस्ता सुरू होतो. जुन्या गावाला इथले लोक 'ला तेर्रा' म्हणतात.

दुपारी एक ते पाच गाव मिटलेलं असतं. दुकानं बंद, खिडक्यांची फळकुटं ओढलेली. ही वेळ आम्ही झोपून काढायचो आणि सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहाला बाहेर पडायचो. उन्हात तर ते पांढरेपण डोळ्यांना सहन होत नाही, काळा चष्मा हवाच. फरसबंदीचे दगड शतकानुशतकं पायांनी घासून गुळगुळीत झालेत. कोरडे असतानाही निसरडे वाटतात, त्यामुळे चामडी तळव्याची चप्पल चालणार नाही, रबरी तळव्याचे बूट घ्या.

पहिल्याच सकाळी आईला तिचं उत्तर मिळालं. चौकाच्या वर थोड्या अंतरावर एका बोळात तिनं भिंतीला हात लावला, मग बोट घासून बघितलं. बोटाला पांढरी भुकटी आली. "चुना हाय," ती म्हणाली, एवढंच, पण तिच्या आवाजात जे होतं ते मी आधी ऐकलं नव्हतं. पुढे एका घराचा कोपरा फुटला होता, तिथे चुन्याचे थर एकावर एक दिसत होते, बोटभर जाड. दरवर्षीचा एकेक हात साठत गेल्यामुळे इथे कोपऱ्यांना धारच उरलेली नाही. पायऱ्या, कट्टे, कमानी सगळं गोल, मऊ झालंय. सगळ्या घरांना मात्र चुनाच आहे असं नाही. काही भिंती तयार रंगाच्या होत्या आणि आई त्या दुरूनच ओळखायची, "ह्यो डब्यातला."

घरमालकीणबाईंशी फोनच्या भाषांतरावर बोलणं झालं. इकडे चुनखडीचाच दगड पायाखाली आहे, त्यामुळे चुना पूर्वीपासून स्वस्त. अरुंद बोळांत उजेड पोचतो आणि उन्हाळ्यात घर कमी तापतं. सतराव्या शतकात प्लेगची साथ आली तेव्हा चुन्यामुळे गाव वाचलं असंही इथे सांगतात. ताजा चुना जंतू मारतो हे तर खरंच आहे. हल्ली उन्हाळ्याच्या आधी, वसंतात, लोक भिंती पांढऱ्या करून घेतात. पूर्वी हे काम घरच्या बायकाच करायच्या, त्यांची आईही करायची, असं बाई म्हणाल्या. मी ते आईला सांगितलं. आईनं आपले हात पुढे करून दाखवले. बाईंनी ते हातात घेतले.

आता चढाविषयी. चौकापासून कॅथेड्रलपर्यंतचा रस्ता तरुण माणसाला दहा मिनिटांचा आहे. आम्ही तो अर्ध्या-पाऊण तासात, बसत बसत चढलो. मध्ये दुकानांपुढे कट्टे आहेत, कुणी उठवत नाही. याच रस्त्यावर जुन्या मठात गावाचं संग्रहालय आहे. बरेच लोक ते ओलांडून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका.

१९९१ मध्ये गावाजवळच्या सांता मारिया दि आन्यानो गुहेत दोनातो कोप्पोला या संशोधकांना एक दफन सापडलं. साधारण २८,००० वर्षांपूर्वीची, विशीच्या आसपासची बाई, आणि तिच्या पोटात दिवस भरत आलेलं मूल. डोक्याला शेकडो छोट्या शिंपल्यांची टोपी घातलेली, एक हात पोटावर. तिला देलिया असं नाव दिलं आहे. आई संग्रहालयातल्या तिच्या मांडणीसमोर उभी राहिली. मला वाटलं तिला नीट कळलं नसेल, म्हणून मी सांगायला गेले. ती म्हणाली, "कळलं गं. बाळंतपणाच्या तोंडाशी गेली पोर. पण बघ किती मायेनं निजवलीय तिला." आईची मोठी बहीण अशीच गेली होती, मला तेव्हा आठवलं. २८,००० वर्षं हा आकडा माझ्या डोक्यात कधी बसला नव्हता, त्या दिवशी बसला. नंतर आम्ही बाहेरच्या पायरीवर पाणी पीत बराच वेळ बसलो.

कॅथेड्रल पंधराव्या शतकातलं आहे, पांढरं नाही, मधाच्या रंगाच्या दगडाचं. त्याच्या कपाळावर चोवीस आऱ्यांची गोल दगडी खिडकी आहे, तिच्याकडे बघताना मान दुखेपर्यंत बघावंसं वाटतं. समोर बिशपचा वाडा आणि जुनी पाठशाळा यांना जोडणारी स्कोप्पा कमान. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईच्या नऊवारीला कुणी काही म्हणणार नव्हतंच. एका वृद्ध गृहस्थांनी तिला पुढच्या बाकावर जागा करून दिली.

गाव खालून, तटाबाहेरून बघायचं असेल तर एक सोय आहे जी आम्हाला फार आवडली. ओस्तुनीत पर्यटकांना ॲपे रिक्षातून फिरवतात. होय, आपल्याकडे वडाप करते तीच पियाजिओची तीनचाकी. १९४८ मध्ये ती इटलीत जन्मली आणि आता आपल्या बारामतीला बनते. चालवणाऱ्या तरुणाला मी 'बारामती' म्हटलं तर त्याला ते नाव ठाऊक होतं. दोघींचे मिळून चाळीस युरो ठरले. त्यानं आम्हाला तटाच्या भोवतीच्या रस्त्यानं नेलं, जिथून अख्खं गाव एकावर एक रचलेलं दिसतं आणि पाठीमागे ऑलिव्हचं हिरवं-करडं मैदान थेट समुद्रापर्यंत जातं. आई रिक्षात निवांत बसून बघत होती, गुडघ्यांना काही त्रास नाही. चढ झेपत नसेल त्यांनी सरळ हाच मार्ग धरावा.

त्या रिक्षावाल्याच्याच ओळखीनं सोमवारी एका जुन्या तटबंदीच्या शेतघराला जाऊन जमिनीखालचा तेलाचा घाणा पाहिला. खडकात कोरलेली खोली, मधोमध मोठं दगडी जातं, ते गाढव किंवा खेचर फिरवायचं. जमिनीखाली अशासाठी की हिवाळ्यातही तिथे ऊब राहते आणि तेल थिजत नाही. मजूर हंगामभर आतच राहायचे, झोपायचेही तिथेच. हे तेल बरंचसं खाण्यासाठी नव्हे तर दिव्यांसाठी लांबच्या शहरांत जायचं. आईनं विचारलं की त्या मजुरांना हिवाळाभर ऊन दिसायचं का. मार्गदर्शक मुलगी म्हणाली, फारसं नाही.

जेवणाची काळजी मी उगाच नव्हती केली, पण पुल्यात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फावे ए चिकोरिया म्हणजे वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट पिठलं आणि कडसर पालेभाजी, वर ऑलिव्हचं तेल. आईचं ते रोजचं जेवण झालं. सोबत ती कोल्हापूरची चटणी. फोकाच्या हा जाड भाजलेला पाव, ताराल्ली ही कडक खारी कडी, टोमॅटोतले ओरेक्किएत्ते हेही चालतं. फक्त मासा चुरून घातलेला नाही ना, हे ओरेक्किएत्तेच्या भाजीवाल्या प्रकारात विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा अँचोवी असतो. रात्रीची खानावळ साडेसातच्या आत उघडत नाही. बिलात दर माणशी बैठकीचे एक-दोन युरो वेगळे लावतात, ती फसवणूक नाही, तिकडची रीत आहे.

१६ तारखेला सकाळी निघालो. घरमालकीणबाईंनी आईला तेलाची छोटी बाटली दिली, आईनं त्यांना खणाचा तुकडा दिला. तेल हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, ते मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवलं. रोमला एक रात्र काढून १७ ला विमान धरलं आणि १८ ला मुंबईत उतरलो. घटस्थापनेला चार दिवस हातात होते.

दोघींचा मिळून सगळा खर्च तीन लाखांच्या थोडा वर गेला. त्यात विमानाची तिकिटं सव्वा लाख, मुक्काम सत्तरेक हजार, व्हिसा बावीस हजार, उरलेलं गाड्या, जेवण, विमा आणि किरकोळ. तेव्हा युरो एकशेतीन रुपयांच्या आसपास होता. एकच दिवस बारीहून येऊन-जाऊन करणारे खूप लोक दिसले. थोडे पैसे वाचतात, पण ते भर दुपारी पोहोचतात, जेव्हा गाव बंद असतं आणि ऊन टोचतं. चार रात्री राहणं शक्य नसेल तर निदान एक रात्र राहा, आणि सकाळी आठच्या आत बोळांत जा. त्या वेळी घराघरांतल्या बायका आपापला उंबरा धूत असतात.